चार पाकळ्यांचा कौल

५ ऑक्टोबर १९८६

परत तेच स्वप्न! आबा दारात उभे, पाठ माझ्याकडे. मी म्हणते, सरका ना, मला जायचंय. सरकत नाहीत, वळतही नाहीत. जाग आली तशी उठून दिवा लावला. आबा जाऊन अकरा वर्षं झाली, आणि आता हे.

आईला सांगितलं. चूक केली. लगेच म्हणाली, "तुझा बाप अडवतोय गं तुला. किडनी देऊ नको म्हणतोय." आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. तिने तरी काय करावं? सीतारामच्या दोन्ही किडन्या गेल्यात, तो मरायचा. किडनी द्यायची ती मी, आणि मीही तिचीच लेक.

खरं लिहू? हे कोण वाचतंय! आई तसं म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं. वाटलं, चला, आबांनीच नको म्हटलं. माझं काही चालत नाही.

७ ऑक्टोबर

मंगळवार. सीतारामचं डायलिसिस. मंगळवार-शुक्रवार, चार-चार तास. माझा धाकटा भाऊ, एकोणतीस वर्षांचा, कारखान्यात फिटर. एका हाताने लोखंडी पाइप उचलायचा. आता तोच हात मशीनला बांधलेला. डॉक्टर म्हणाले, रक्तगट एक आहे, टिश्यूचा रिपोर्ट महिन्याअखेर येईल, बहिणीचं बऱ्याचदा जुळतं.

नात्यातले सगळे धरून चाललेत — जया देणारच. लग्न नाही, पोर नाही, तिला काय अडचण? मला मात्र कुणी विचारलेलं नाही. तेहतीस वर्षांच्या बाईला मरायची भीती वाटू नये काय? चौदाव्या वर्षी अपेंडिक्स काढलं तेव्हा भूल उतरताना जी किंचाळले होते ती किंकाळी अजून माझ्या कानात आहे.

९ ऑक्टोबर

खालच्या मजल्यावर अनुपमाताईंनी पेइंग गेस्ट ठेवलीय. नायजेरियाची! नाव फोलाशादे. फार्मसी शिकते. चाळिशीतल्या बायकासुद्धा जिन्यात उभ्या राहून बघत होत्या, जशी काय सर्कस आलीय. नळावर तर एकीने तिची बादलीच मागे सरकवली. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "बादलीला काय रंग लागतो काय गं?" आणि तिची बादली माझ्या पुढे लावली.

संध्याकाळी ती थँक्यू म्हणायला वर आली. आई दारातच बसली होती. ही बाई आईसमोर दोन्ही गुडघे टेकून बसली, मान खाली! त्यांच्याकडे मोठ्यांना असाच नमस्कार करतात म्हणे. आई इतकी गडबडली की तिला ऊठ म्हणायचंही सुचेना. ती गेल्यावर म्हणाली, "आपल्यासमोर कुणी गुडघे टेकले होते का गं आजवर?"

१२ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढऱ्या साड्या, वंदना, खीर. शादेला खीर खायला बोलावलं. (मी शादे म्हणते. तिला चालतं.)

पाण्याचा ग्लास हातात घेतला की पिण्याआधी चार थेंब जमिनीवर सांडते. आईने फडकं घेतलं, तर म्हणाली, नाही, ते त्यांच्यासाठी. कोण ते? मग तिने नावं घेतली — आजी, पणजा, त्याचा बाप, त्याच्या आधीची कुणी बाई. सात पिढ्या! मला आजोबाच्या पुढचं नाव येत नाही. आमची नावं कोणी लिहून ठेवली होती? पण तिच्याकडेही लिहिलेली नाहीत. तोंडपाठ आहेत. मी तिच्याकडे बघतच राहिले.

सीताराम भिंतीला टेकून ऐकत होता. ती गेल्यावर म्हणाला, "आबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी घरातले सगळे देव गाठोड्यात बांधून विहिरीत टाकले. आणि तू आफ्रिकेहून नवे मागवतेस काय?" हसला. मीही हसले. टोचलं मात्र.

१५ ऑक्टोबर

शादेला स्वप्न सांगितलं. हिंदी-इंग्रजीची आमची खिचडी, मी इथे मराठीत लिहितेय.

तिने अर्थ सांगितला नाही. प्रश्नच विचारत बसली. आबांच्या अंगात काय होतं? — पांढरा सदरा. तू दाराच्या आत होतीस की बाहेर? — मला आठवेना! इतक्या वेळा पडलेलं स्वप्न, आणि मला हेच माहीत नाही? ते चिडलेत हे तुला कसं कळलं? — पाठ होती म्हणून. तर म्हणाली, "आमचे पूर्वज वर्षातून एकदा गावात येतात. डोक्यापासून पायापर्यंत कापडात. तोंड कुणालाच दिसत नाही. म्हणून काय ते रागावलेले असतात?"

तिचे वडील बाबालावो आहेत, म्हणजे कौल लावणारे, सल्ला देणारे. वर्षानुवर्षं शिकावं लागतं, हजारो ओव्या पाठ. ती म्हणाली, मी ते नाही, मला फक्त ओबी टाकता येतं. ओबी म्हणजे कोलाचं फळ, त्याच्या चार पाकळ्या होतात. तिने घरून येताना सात आणली, एक उरलंय. ओल्या फडक्यात जपून ठेवलंय.

"तुझ्यासाठी टाकू?" म्हणाली. उरलेलं एकुलतं एक! आमच्या नात्यातलं कोणी साखर उसनी देताना तीनदा विचार करतं.

१७ ऑक्टोबर

सीतारामचं वजन अडीच किलो वाढलं. चोरून पाणी प्यायला होता. नर्स त्याच्यावर ओरडली, मी नर्सवर.

१९ ऑक्टोबर

लिहितेच. नाही लिहिलं तर वेड लागेल.

सकाळी शादेची खोली. फरशी पुसलेली, मधे पांढरी बशी, बाजूला पाण्याचा तांब्या. आधी पाणी शिंपडलं, तिची सात नावं घेतली, मग म्हणाली, आता तुझी. मी म्हटलं — दादू, दादूचा बाप गेनू. संपलं. म्हणाली, "पुरे. ज्यांची माहीत नाहीत तेही ऐकतात." माझ्या डोळ्यांत टचकन पाणी.

फळ माझ्या हातात दिलं. "प्रश्न मला सांगू नकोस. ओठांजवळ धर आणि त्यालाच सांग. जो खरा आहे तोच."

मला विचारायचं होतं, किडनी देऊ का? घोकून गेले होते. आणि ओठांजवळ धरल्यावर भलतंच बाहेर आलं. मी विचारलं — माझ्यावर वेळ यायच्या आत तो जाईल का? सुटेन का मी?

सख्खा भाऊ! कागदावर लिहितानाही किळस येतेय स्वतःची.

तिने फळ उकललं, पाकळ्या बशीत टाकल्या. दोन उताण्या, दोन पालथ्या. शादेचा चेहरा फुलला. "हो! स्वच्छ हो! याहून चांगलं उत्तर नाही." आणि मी मोठ्याने रडले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ती घाबरली. काय विचारलंस, असं तरीही विचारलं नाही तिने. पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "वडील सांगतात, उत्तर म्हणजे शेवट नव्हे. उत्तर आवडलं नाही तर विचारायचं, बदलायला काय देऊ? देवाणघेवाण आहे ही, शिक्षा नाही."

परत टाकल्या. अन्न देऊ? नाही. कापड? नाही. कोंबडं? नाही. (आबांनी विहिरीत टाकलेले देव वर आले असते!) शादेने माझ्याकडे बघितलं आणि पाकळ्यांना म्हणाली, "जे मनात ठेवलंय ते? ज्याच्याबद्दल आहे त्याला?"

दोन उताण्या, दोन पालथ्या.

मी म्हटलं, कोंबडं परवडलं असतं गं.

२० ऑक्टोबर

ऑफिसात टेलिफोनच्या बोर्डावर सहा कॉल चुकीचे जोडले. साहेबांच्या बायकोला कॅन्टीनमध्ये दिलं.

२१ ऑक्टोबर

सांगितलं. मशीन चालू असतानाच सांगितलं, उठून जाता येऊ नये म्हणून. त्याला नाही, मला. मी त्याचा मोकळा हात घट्ट धरून ठेवला होता. सगळं सांगितलं — फळ, प्रश्न, "सुटेन का" हे शब्दसुद्धा.

सीताराम छताकडे बघत होता. मला वाटलं, आता हात काढून घेईल. म्हणाला, "कौल लावणारीला विचारलंस. मला नाही विचारलंस."

"तू काय सांगितलं असतंस?"

"घाबरतेस ते माहीत होतं गं मला. इंजेक्शन दिसलं तरी तू पांढरी पडतेस." मग म्हणाला, "तायडे, मला एकदा तांब्याभर पाणी प्यायचंय. घटाघट. बाकी काही नाही."

मी ओक्साबोक्शी रडले, तो मलाच गप्प करत होता. शेजारच्या पलंगावरचे काका तोंड फिरवून पडले होते. अंगावरून मणभर ओझं उतरलं. देईन, असं मात्र मी म्हटलं नाही. म्हणू शकले नाही. जीभ रेटेना.

शादेला येऊन एवढंच सांगितलं, "दिलं." ती नुसतं हसली. किती मोठी बाई आहे ही! माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आमच्याकडे कुणी असा कौल लावला असता तर आतापर्यंत तिन्ही मजल्यांना कळलं असतं, आणि वर नारळ मागितला असता.

२४ ऑक्टोबर

रिपोर्ट आला. जुळत नाही!

सीतारामने डायलिसिसहून आल्या आल्या सांगितलं, चप्पल काढायच्या आधी. "सुटलीस. डॉक्टर म्हणाले, बहिणीचं असूनही कधीकधी जुळत नाही. आता मामाच्या पोरांचं बघू." आई मटकन खाली बसली. तिला चहा मीच करून दिला.

मला काय वाटलं? हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं म्हणून लाज वाटली. मोरीत जाऊन तोंड धुतलं, चारदा धुतलं.

२५ ऑक्टोबर

शादेला सांगितलं. आनंदी झाली नाही, दुःखीही नाही. म्हणाली, "आता तुला द्यावंसं वाटतं का, हे तरी बघ. आता कुणी मागत नाहीये."

कसले प्रश्न विचारते ही! दिवसभर डोक्यातून जाईना. भांडी घासताना, भाजी निवडताना, तेच. संध्याकाळी सीताराम खिडकीशी बसून बर्फाचा एक खडा चोखत होता, पाण्याऐवजी. जपून, संपू नये म्हणून. आणि मला एकदम स्वच्छ वाटलं — दिली असती मी. भीत भीत, किंचाळत, पण दिली असती. आता सुचून काय उपयोग! वरातीमागून घोडं.

२८ ऑक्टोबर

ऑपरेशन होणारच म्हणून ऑफिसात टाकलेला रजेचा अर्ज मागे घ्यायचाय. तर म्हणे, रिपोर्टची कॉपी जोडा. उद्या हॉस्पिटलात जाऊन आणते.

२९ ऑक्टोबर

डॉक्टरांनी फाइल काढली. म्हणाले, "जुळतंय की! छान जुळतंय. पण तुमचे भाऊ म्हणाले, बहीण तयार नाही, तिला विचारू नका, नाव काढा."

मी म्हटलं, घाला परत.

सही केली. मराठीत, पूर्ण नाव — जया दादू सरवदे. त्या शहाण्याला अजून माहीत नाही.