बेन आर्दल राखून ठेवलाय

प्रिय टॉर्क्विल,

ऑगस्टमध्ये बेन आर्दल चढायला येतोस म्हणे! पत्र वाचून आधी हरखले, मग रागच आला. ऑगस्टात आमच्याकडची चिलटं माणसाला जिवंत खातात, विसरलास? शिवाय हरणांची शिकार सुरू झाली की ओढ्याच्या वाटेनं कुणाला जाऊ देत नाहीत. तू मे महिन्यातच ये. आणि माझं अक्षर एवढं मोठं का, म्हणून हसू नकोस.

सकाळपासून सारखी उठून खिडकीशी जातेय, बेन आर्दल दिसतो का बघायला. या मुलखातले बाकीचे सगळे उंच डोंगर चढून झाले. काही आपण जोडीनं, काही तू हेलनशी लग्न करून अ‍ॅबर्डीनला गेल्यावर मी एकटीनं. (हेलन वारली तेव्हा मीही रडले रे.) हा एवढा एक जोडीनंच चढायचा ठरलेला. कितीदा खिंडीच्या वर जाऊन आले. माथ्यावरचा दगडांचा ढीग समोर दिसायचा आणि मी मुकाट्यानं मागे फिरायची. पुतण्या युअन म्हणतो, "आत्या, डोंगर काय लोणच्यासारखा मुरत घातलायस?"

तुला ओढ्याचीच वाट हवी असणार, पहिल्यापासून घाई तुला. पण पाऊस झाला की तो ओढा कमरेला लागतो. आपण तळ्याकाठची लांबची वाट धरू, मधल्या दगडी खोपटात मुक्काम करू आणि सकाळी खिंडीतून वर जाऊ. ती वाट माझ्या पायांना पाठ आहे. ओटच्या भाकऱ्या आणि चीज माझं, माथ्यावर उघडायची बाटली तुझी.

परवा युअनच्या कुत्र्याला मेंढी समजून मी परसातून हाकललं. मी हसले, तो नाही हसला. दुसऱ्याच दिवशी मला इनव्हर्नेसला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

चिलटं खरी, शिकारही खरी, पण ती निमित्तं. एक डोळा गेल्यातच जमा आहे. दुसरा उन्हाळाभर टिकेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. कडेकडेचं दिसत राहील म्हणे, पण ज्याच्याकडे बघावं तेवढंच पुसलं जातं. समोर माणूस बसला तर खुर्ची दिसते, चेहरा नाही. मला भीती वाटते, टॉर्क्विल. डोंगर काय, ऑगस्टातही तिथंच असेल, आणि माझे पाय मला वर नेतीलही. पण वर पोचल्यावर तुझं तोंड मला बघायचंय. मे महिन्यात ये.

तुझीच,
अजून माथ्याखाली थांबलेली
इशबेल