साहेब खोली बघून गेले

ती. आईस,

आधी नमस्कार, मग बाकीचं. आम्ही चौघं मजेत आहोत. धाकटी खोकते, ते हवेमुळे असेल.

सरकारी घरासाठी आमची खोली किती अपुरी पडते ते बघायला काल साहेब आले होते. तू शिकवलंस तसं मी सगळं आवरलं. गाद्या पलंगाखाली सारल्या, ओल आलेल्या भिंतीवर चादर टांगली, मुलींना खाली खेळायला पिटाळलं. साहेब चहा प्यायले, "छान ठेवलंय" म्हणाले आणि कागदावर 'जागा पुरेशी' लिहून गेले.

हे रागावलेत. म्हणतात, पसारा तसाच ठेवायचास. मला काही कळेनासं झालंय. घरी माणूस येणार म्हटल्यावर पसारा कसा ठेवायचा गं?

गुडघे कसे आहेत? उत्तर याच पत्त्यावर पाठव, तो काही इतक्यात बदलत नाही.

तुझी थोरली