जेवलात का, इमांत्सजी?

३ नोव्हेंबर, सोमवार
लाटवियन जंगल-पुस्तकाच्या रशियन भाषांतराला माणूस मिळाला! लाटवियन आणि रशियन दोन्ही येणारे पुष्कळ भेटले, पण जंगल कळणारा एक नव्हता. मागच्या भाषांतरकाराने राखायची झाडं आणि तोडायची झाडं यांची अदलाबदल केली, कझाकस्तानचा ग्राहक भडकला. हे इमांत्सजी जन्मभर लाटवियाच्या जंगलखात्यात होते. आता एकटेच राहतात. आमच्या ऑफिसच्या मालकीण सुचित्रा मॅडम मला म्हणाल्या, धम्मपालकाका, पुस्तक यांनाच द्या, पण रोज मेल टाकून मागे लागायचं.

५ नोव्हेंबर, बुधवार
मागे लागणं मला जमत नाही. मी मराठीत लिहितो, कॉम्प्युटर त्याचं रशियन करतो. 'काम कुठवर आलं?' एवढंच लिहिलं की दमदाटी केल्यासारखं वाटतं. म्हणून खाली लिहिलं — जेवलात का? आमच्या गावी आधी हेच विचारतात.
मॅडमनी पाहिलं. "वेंडरला जेवलात का विचारतात होय, काका? उद्या डबा पण पाठवाल." सगळं ऑफिस हसलं. मीही.
उत्तर आलं. काम चालू आहे. काळा पाव, बटाटे. तुम्ही?
कळवलं — भाकरी, सुकट.

१० नोव्हेंबर, सोमवार
अर्धं पुस्तक आलं. ग्राहक खूश. इमांत्सजींनी आज नुसतं सूप घेतलं. मी वाल सांगितले. वाल म्हणजे काय, हे समजावण्यात जेवणाची सुट्टी संपली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
उरलेलं येईना. रोज एकच — थोडं राहिलंय. आज त्यांची मुलगी लीगा हिने लिहिलं, बाबा हॉस्पिटलात होते, परवा घरी आणलं, मी सोबत राहतेय.
म्हणजे ते सूप तिथलं! नुसतं का, एवढंही मी विचारलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी दिघ्याच्या बुद्धविहारात वंदनेत मन लागेना. पावणे गावातल्या ऑफिसात गेल्या गेल्या मॅडमना म्हटलं, आजारी माणसाला किती पिळायचं, राहिलेलं दुसऱ्याला देऊ. "विचार करा काका. असा माणूस परत नाही मिळायचा." मीच हट्ट धरला.
इमांत्सजींना लिहिलं, काम थांबवा, विश्रांती घ्या. जेवलात का, हे मुद्दाम गाळलं. उत्तर द्यायचा ताप कशाला!

१७ नोव्हेंबर, सोमवार
लीगाची मेल. घरी आले त्याच दिवशी बाबांनी पुस्तक पुरं केलं होतं. पाठवू देत नव्हते. पाठवलं की भारतातली मेल बंद होईल, म्हणायचे.
शुक्रवारपासून ताटावर बसत नाहीत. कुणी विचारलं नाही, म्हणतात.