न बसवलेली वायर

२ नोव्हें., रविवार
साडेदहाला रंगनाथ आला, गंगापूरच्या गाडीनं. पिशवीत वांगी, सुनेनं दिलेल्या दशम्या. रेकॉर्ड प्लेयरच्या ॲम्प्लिफायरमध्ये परवा घातलेले नवे कपॅसिटर ऐकवले. डोळे मिटून बसला. "लई मोकळा झालाय आवाज. आधी कोंडल्यावानी वाटायचा." मला तेवढं नाही वाटलं, पण बरं वाटलं. पाचच्या गाडीनं गेला. आता शनिवारपर्यंत या घरात माझ्याशी बोलणारा फक्त दूधवाला.

५ नोव्हें., बुधवार
जुने कपॅसिटर परत लावून पाहिले. मीटरवर मापलं, ऐकलं. पुन्हा नवे. फरक शून्य. मग दोन वर्षं या खोक्यात जे जे कोंबलं, ट्रान्सफॉर्मर, सॉकेट, ते सगळंच...? की माझेच कान गेले? रं.ला मात्र दर वेळी ऐकू येतं. एकदा सोक्षमोक्ष लावायलाच हवा. खोडच आहे मला.

९ नोव्हें., रविवार
रं.ला सांगितलं, याहून भारी कपॅसिटर घातलेत. खरं तर जुनेच लावून ठेवले होते. सतारीची रेकॉर्ड लावली. "हां! आता तारेवरचं बोटसुद्धा ऐकू यायलंय."
मी हसलो. हसायला नको होतं. वर झाकण काढून दाखवलं, बघ, जुनेच आहेत.
वाकून बघितलं त्यानं. मग, "कॉलेजात तू लॅबचा साहेब, मी शिपाई. इथंबी माझी परीक्षाच घ्यायलास व्हय?"
अरे, गंमत केली.
"गंमत नाय ही."
जेवलाही नाही. निवृत्तीनंतर मीच हट्टानं त्याला अरे-तुरेवर आणलं होतं. आज दारातून म्हणाला, "येतो साहेब."

१६ नोव्हें., रविवार
आला नाही. भात सवयीनं दोघांचा लावला गेला. फोन केला, नुसता वाजत राहिला. बरोबर मीच होतो, हे दिवसभर स्वतःला सांगितलं. बरोबर असून करायचं काय? रेकॉर्ड अर्ध्यावर बंद केली. शेजारी मान हलवणारं कुणी नसलं की...

२३ नोव्हें., रविवार
नाही आला. एकटा पडलोय. एवढं लिहायला दोन आठवडे लागले. लग्न केलं नाही याचं आजवर कधी वाईट वाटलं नव्हतं. आज साडेदहाला वाटलं.
दर आठवड्याला काहीतरी बदलत होतो ते आवाजासाठी नव्हतंच बहुतेक. "ये, नवीन काहीतरी ऐकवतो" म्हणायला निमित्त लागायचं. नुसतं "ये" म्हणायची जीभ नाही माझी.

२६ नोव्हें., बुधवार
एसटीनं गंगापूर. माफीची वाक्यं रस्ताभर जुळवत गेलो. रं. उसाला पाणी द्यायला गेलेला. सुनेनं चहा दिला अन् हसत म्हणाली, "काका, परवा रविवारी तर मामा दिवसभर तुमच्याकडंच होते की! आज पुन्हा काय काढलं?"
मी कप खाली ठेवला.
"त्याच्या आदल्या रविवारीबी. घरी आले की सांगत्यात, सुधाकरनं स्पीकरला चांदीची वायर घातली, लई गोड वाजायलंय म्हणून."
मी म्हणालो, "हो. गोड वाजतं."
इकडं काम होतं, सहज डोकावलो, असं काहीतरी सांगून रं. यायच्या आत निघालो. थांबलो असतो तर सुनेसमोर त्याचं खोटं उघडं पडलं असतं. एकदा पाडलं तेवढं पुरे.
म्हणजे दर रविवारी हा घरून निघतो. मग दिवसभर बसतो कुठं? या थंडीत, या वयात?
गाडीत खिडकीकडं तोंड करून बसलो.

२९ नोव्हें., शनिवार
शहागंजचा बाजार पालथा घातला. चौथ्या दुकानात चांदीचा मुलामा दिलेली वायर मिळाली. दुकानदार प्रामाणिक निघाला. "साब, इससे आवाज में कुछ फरक नहीं पडता. तांबे की ले लो." म्हटलं, माहीत आहे, हीच द्या.
दुपारभर बसवत होतो. लावून ऐकलं. फरक नाही.

३० नोव्हें., रविवार
नऊ वाजलेत. रं.नं घरी सांगितलं ते आता खरं आहे, कुणीही येऊन बघावं.
मी गंगापूरला जाऊन आल्याचं सुनेनं सांगितलंच असणार. म्हणजे त्याचं खोटं मला कळलंय, हे त्यालाही कळलं. मग तो आज घरातून निघेल का? की आता रविवारी घरीच बसेल, अन् तेही माझ्यामुळं?
स्टँडवर जातो. माफीची ती वाक्यं आज फार मोठी वाटतात, पाठही राहिली नाहीत. नुसतं "चल" म्हणेन. गाडीतून उतरला तर.