दम धरा

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

आज यांच्या फुफ्फुसातल्या गाठीची बायोप्सी झाली. सीटी मशीनवर पालथं निजवलं होतं, पाठीतून सुई घालायची होती. सुई जाताना श्वास रोखून धरावा लागतो. पण फॅक्टरीत आयुष्य गेलेलं, कान मंद. स्पीकरवरचं "साँस रोकिए" यांना कळेचना. शेवटी टेक्निशियनने मला काचेमागे माइकपाशी नेलं. "आंटीजी, आप अपनी भाषा में बोलिए."

माझ्या तोंडून निघालं, "दम धरा."

पडल्या पडल्या हे म्हणाले, "धरूनच तर राहिलो न." आणि श्वास तसाच चालू. यांना वाटलं, मी धीर देऊन राहिले. बरोबरच आहे. घरात सगळ्यांना हे जन्मभर तेच तर सांगत आले.

मग म्हटलं, "श्वास रोखा." लगेच रोखला. पाठ हलायची थांबली. त्या पाठीकडे मी बघतच राहिले आणि "सोडा" म्हणायचं विसरले. यांनीही सोडला नाही. काहून? मी सांगितलं नव्हतं म्हणून? "आंटीजी, छोड़ने बोलिए," असं तो म्हणाला तेव्हा कुठे भानावर आले.

ती न हलणारी पाठ डोळ्यांपुढून जात नाही.

घरी येताना ऑटोत विचारलं, रिपोर्ट वाईट आला तर? हे बाहेर बघत म्हणाले, "आता तू दम धर."

धरला आहे. फक्त "सोड" म्हणायला हे असावेत.