घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

अब्बा, परवा मी एक पांढरी व्हॅन विकली आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात घोळतंय. घरात कुणाला सांगावं तर हसतील. तुम्ही हसला नसतात. चष्मा कपाळावर चढवून नुसते माझ्याकडे बघत राहिला असतात, आणि ते मला हसण्यापेक्षा जड गेलं असतं.

आधी हे सांगायला हवं की तुमच्या मागे शिळफाट्याचं आपलं जुन्या गाड्यांचं दुकान मी कसं चालवलं. तुम्ही गिऱ्हाइकाला गाडीत बसवून आधी तिची सगळी दुखणी सांगायचात, मग एकच किंमत, आणि तिच्यात रुपया इकडचा तिकडे होत नसे. तुम्ही गेल्यावर मीही तसंच करायला गेले. पनवेलकडून जोडपी यायची, मोबाइलवर दहा ठिकाणचे भाव बघून आलेली. "ताई, काहीतरी कमी करा ना," म्हणायची, आणि मी नाही म्हटलं की तोंड पाडून निघून जायची. किंमत खाली ओढल्याशिवाय त्यांना जुनी गाडी घेतल्यासारखं वाटतच नाही. पहिल्या वर्षी तीन गाड्या विकल्या गेल्या, अब्बा, फक्त तीन. मग मी किंमत वाढवून सांगायला लागले. मी वाढवायची, त्यांनी उतरवायची, मध्ये दोन चहा, आणि दोघंही खूश. अठरा वर्षं हे असंच चाललंय. मला त्यात कधी पाप वाटलं नाही. खरं सांगायचं तर मजाच वाटते.

परवा दुपारी कर्जतकडच्या कोंडाणे गावाच्या वरच्या एका वाडीतून एक बाई आली. चाळिशीची, ताठ मानेची. सोबत नवरा, दुसऱ्याचा टेंपो चालवणारा, बोलायला अगदी कंजूष. बाई वाडीतल्या बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष. आता वाडीपर्यंत रस्ता झालाय म्हणून गटाला गाडी घ्यायची होती. भाजी, करवंदं, जांभळं कर्जतच्या बाजारात न्यायला. "आनि दवाखान्यासाठी," ती म्हणाली. "गेल्या साली एक पोर अडली. झोळी करून खाली आनली आमी तिला. ती वाचली, बाळ नाय ऱ्हायलं." एवढं बोलून तिनं पदर सारखा केला आणि विचारलं, "ही व्हॅन कितीला?"

मी सवयीनं म्हणाले, "तीन लाख दहा." मनात दोन साठ होते. आता ती दोन वीस म्हणणार, मी कपाळाला हात लावणार, सगळं ठरलेलं. बाई म्हणाली, "बरं." आणि पिशवीतून गटाचं पासबुक काढून टेबलावर ठेवलं.

 असं कधी झालं नव्हतं. "अहो, थोडा भाव तरी करा," मी म्हणाले. विकणारीनं असं म्हणायचं म्हणजे कमालच झाली. बाई हसली. "नाय. सासऱ्यांनी बजावून धाडलंय. त्यांनी हितनंच जीप घेतली व्हती, खाली कर्जतला भाड्यानं चालवायला, त्या चष्मेवाल्या म्हाताऱ्याकडनं. त्याच्याकडं घासाघीस करायची नाय, म्हनाले. तो बोलंल ती किंमत." आणि दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर अजून तुमचंच नाव आहे.

पन्नास हजार, अब्बा, नुसता हात पुढे करायचा होता. एक क्षण घ्यावेसे वाटले, तेही लिहून टाकते. पण ते पासबुक समोर होतं, कडा झिजलेलं, आत महिन्याच्या महिन्याला भरलेल्या शंभर-शंभराच्या नोंदी असणार. मी घाईघाईनं म्हणाले, "तुमच्यासाठी दोन साठ करते."

बाईचा चेहरा एकदम बदलला. तिनं पासबुक उचललं. "न मागता पन्नास हजार उतरलं? काय खोट हाय गाडीत?" नवराही पहिल्यांदा बोलला, "चल गं. दुसरीकडं बघू." दोघं उठली. दुसरीकडं म्हणजे कुठं, ते मला माहीत आहे. तिथं पाण्यात बुडालेल्या गाड्या पुसून-पासून उभ्या करतात. बाळंतीण घेऊन घाटवळणात ती गाडी बंद पडली तर?

तुम्ही लोधिवलीला गेला होतात तो दिवस मला तेव्हा आठवला. मी एकोणीस वर्षांची, दुकानात नवी, आणि तुम्ही जेवायला घरी गेला असताना मी एका माणसाला गाडी विकून टाकली. ब्रेक दोनदा दाबल्याशिवाय लागत नव्हता, ते सांगितलंच नाही. किती मिरवलं मी तुमच्यापुढे! तुम्ही हात पुसलेत, स्कूटर काढलीत आणि भर उन्हात लोधिवलीपर्यंत त्याच्या मागे गेलात. गाडी घेऊन परत आलात, ब्रेक दुरुस्त केलात, मग ती त्याला पोचवलीत. अम्मी म्हणाली, "लोक माल विकतात, तुझा बाप परत आनतो." मला तुम्ही एवढंच म्हणालात, "तो पोरांना घेऊन घाट उतरनार हाय. तुला ठाव व्हतं ना?" मी तीन दिवस तुमच्याशी बोलले नाही. मला राग आला होता, आणि लाजही, पण राग धरून ठेवणं सोपं होतं.

तर परवा दारात उभ्या असलेल्या त्या बाईला मी म्हणाले, "थांबा. चूक माझी. दुसऱ्या गाडीची किंमत सांगितली मी. व्हॅनची किंमत अब्बांनी लावलीय, दोन साठ."

ती थबकली. "म्हाताऱ्यानं?"

"हो. ते आता घरीच असतात. थकलेत."

"मंग लावा फोन त्यांना. मी बोलते."

मी पटकन म्हणाले, "ते फोन घेत नाहीत." एवढं मात्र खरंच होतं. बाईनं मला नीट न्याहाळलं. "सासरे म्हनत्यात, म्हातारा आधी गाडीची दुखनी सांगतो. काय सांगितली?"

मग मी त्या दोघांना व्हॅनमध्ये बसवलं आणि तुम्ही बसायचात तशी शेजारी बसले. दुसरा गिअर कुरकुरतो. डावं दार उचलून लोटावं लागतं. चढावर एसी लावला तर इंजिन तापतं. जादाचा टायर गुळगुळीत झालाय. एवढ्यावर मी थांबणार होते, पण तुम्ही थांबला नसतात, म्हणून खाली वाकून पत्र्याला लागलेला गंजही दाखवला, ज्यावर मी स्वतः रंग मारून घेतला होता. नवऱ्यानं गंजावरून नख फिरवलं आणि बायकोकडे बघून मान हलवली. "बरोबर. हीच घ्यायची," बाई म्हणाली. टायर मी नवा घालून दिला.

काल पैसे जमा झाले आणि ती दोघं गाडी न्यायला आली. निघताना बाईनं काच खाली केली. "म्हाताऱ्याला सांगा, आमी घासाघीस नाय केली."

"सांगते," मी म्हणाले.

म्हणून हे लिहितेय. त्यांनी घासाघीस केली नाही, अब्बा. निरोप पोचवला. हा कागद मी गाड्यांच्या जुन्या कागदपत्रांत ठेवून देईन. तिथं कुणी हात घालत नाही. फक्त एक राहिलं. ते घरीच असतात, थकलेत, असं म्हणताना मला खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही. इतकं बरं वाटलं की तिनं आणखी विचारलं असतं तर तुम्ही सकाळी काय खाल्लंत तेही मी सांगत बसले असते.