खोक्यात परत ठेवलेली प्रत

बाबा,

स्टॉल लावायला निघालेय, चहा थर्मासमध्ये आहे. माझ्या पुस्तकाच्या विकायच्या प्रतींवर छापखान्याने कर लावला नाही, इथे तो गिऱ्हाईक भरतं; पण त्यातली एखादी भेट दिली तर तिचा कर मला भरावा लागतो, एवढंच मी काल बोलले. म्हणून लगेच तुमची प्रत खोक्यात परत? आत ‘बाबांना’ लिहिलेलं पुस्तक कुणाला विकू मी? कमाल करता! कर किरकोळ आहे, भरते मी. प्रत तुमच्या उशाशी ठेवलीय.

पण सकाळपासून जिवाला चैन नाही. तुमच्या पेन्सिलच्या खुणा, तुम्ही आम्हाला सोडून गेलात त्या पानावर थांबल्यात. खरंच करापायीच परत ठेवलीत ना?

मी येईपर्यंत पुढचं प्रकरण वाचा. त्यात तुम्ही परत येता.

— धाकटी